जीव वाचला, आता उंचीचं काय?

मुलांनो, तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर किंवा भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत का? वाढदिवस आला की आई मुलाला भिंतीला टेकवून उभं करते, डोक्यावर पट्टी आडवी धरते आणि रेघ मारते. शेजारी तारीख लिहिते. मागच्या वर्षीची रेघ खाली राहिलेली दिसली की कसं बरं वाटतं!

असाच उद्योग फ्रान्समधल्या मोंबेयार नावाच्या गृहस्थांनी अडीचशे वर्षांपूर्वी केला होता. १७५९ साली त्यांना मुलगा झाला. तेव्हापासून मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, ते साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवत राहिले. त्यांचे मित्र बफाँ हे मोठे निसर्ग-अभ्यासक. त्यांनी ही नोंद आपल्या ग्रंथात छापली. एका मुलाच्या वाढीची इतकी जुनी आणि इतकी लांब नोंद दुसरी सापडत नाही. त्या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती म्हणजे मूल दर वर्षी सारखं वाढत नाही.

पहिल्या वर्षी बाळ जवळजवळ २५ सेंटीमीटर वाढतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं. शाळेत जाऊ लागल्यावर वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर. मग वयात येताना एकदम उसळी! मुलींची उसळी साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, मुलांची तेरा-चौदाच्या सुमारास. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि नववी-दहावीत मुलगे त्यांना मागे टाकतात.

पण काही मुलांच्या भिंतीवरच्या रेघा एकमेकींना चिकटून येतात. रक्ताच्या कर्करोगातून, म्हणजे ल्युकेमियातून बरी झालेली काही मुलं त्यांच्यापैकीच. विशेषतः ज्यांना बरं करण्यासाठी दुसऱ्याच्या मूलपेशी द्याव्या लागल्या, ती मुलं. असं का होतं आणि त्यावर डॉक्टर काय करतात, ते आज आपण पाहू.

राब भाजावा तसं

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्त तयार करण्याचा कारखाना तो हाच. या कारखान्यात मूलपेशी असतात. त्यांच्यापासूनच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार होतात. ल्युकेमियात या कारखान्यात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही.

लहान मुलांमध्ये हा आजार झाला, तरी आज बहुतेक मुलं नुसत्या औषधांनी बरी होतात, बरं का! त्यांना मूलपेशी द्याव्या लागत नाहीत. पण आजार फारच हट्टी असला किंवा बरा होऊन पुन्हा उलटला, तर मात्र डॉक्टरांना हा मोठा उपाय योजावा लागतो.

कोकणात भाताची रोपं टाकण्यापूर्वी शेतात राब भाजतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पालापाचोळा, शेण पसरून जाळलं की जमिनीतलं तणाचं बी जळून जातं आणि मग नवं बी पेरतात. मूलपेशींचा उपचारही काहीसा तसाच. आधी तीव्र औषधं देऊन, कधी सगळ्या शरीराला किरण देऊन, जुना बिघडलेला मगज पार नाहीसा करतात. मग दात्याच्या निरोगी मूलपेशी देतात. यात कापाकापी नसते. रक्त चढवतात तशी पिशवी लावायची, बस्स! शिरेतून गेलेल्या मूलपेशी रक्ताबरोबर फिरत फिरत आपला पत्ता स्वतःच शोधतात आणि हाडांच्या मगजात जाऊन रुजतात. दोन-चार आठवड्यांत नवं रक्त तयार होऊ लागतं.

गंमत म्हणजे, दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांनी त्या मुलाचा रक्तगटही बदलतो! आणि लहानपणी घेतलेल्या लशींची आठवण जुन्या पेशींबरोबर गेलेली असते, म्हणून सगळ्या लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. हे ऐकून कुणीही तोंड वाकडं करील, पण त्याला इलाज नाही.

दाता कोण? शक्यतो सख्खा भाऊ किंवा बहीण. पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळाव्या लागतात आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

सिअ‍ॅटलपासून परळपर्यंत

ही वाट सोपी नव्हती. अमेरिकेतल्या डॉ. डोनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्यांचा मगज दिल्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतला एकही रुग्ण फार दिवस जगला नाही. पुष्कळ डॉक्टरांनी हा नाद सोडून दिला. थॉमस आणि त्यांच्या पत्नी डॉटी यांनी मात्र सोडला नाही. पुढे सिअ‍ॅटल शहरात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार उभा केला. १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

भारतात हा उपचार पहिल्यांदा झाला तो मुंबईत, परळच्या टाटा रुग्णालयात. तारीख होती २० मार्च १९८३. रुग्ण होती नऊ वर्षांची एक मुलगी आणि दाता होता तिचा भाऊ. उपचार करणारे डॉक्टर होते सुरेश अडवाणी. आठव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीतून फिरतात. त्यांनी हे तंत्र सिअ‍ॅटलला जाऊन शिकून घेतलं होतं. आज टाटा रुग्णालयाचा हा विभाग नवी मुंबईत खारघरला आहे आणि देशात इतर अनेक ठिकाणीही हा उपचार होतो.

आता एक विचार करा. ज्या काळात मुलं वाचतच नव्हती, त्या काळात त्यांच्या उंचीची काळजी कोण करणार? मुलं वाचू लागली, शाळेत परत जाऊ लागली, मोठी होऊ लागली, तेव्हाच कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं की काहींची उंची मागे राहते आहे. सिअ‍ॅटलच्या डॉ. जीन सँडर्स यांनी अशा मुलांच्या वाढीवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि १९८६ साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. म्हणजे बघा, उंचीचा प्रश्न पडला हीच मुळात आनंदाची गोष्ट होती!

उंची वाढते कुठे?

हाडं रबरासारखी ताणून लांब होत नाहीत. लांब हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिला आपण वाढीची पट्टी म्हणू. या पट्टीतल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत एकावर एक रचल्या जातात. मागच्या पेशींचं हाड बनतं, पुढे नव्या पेशी येतात आणि हाड लांब होतं. पाठीच्या कण्यातल्या प्रत्येक मणक्यालाही वर आणि खाली अशा वाढीच्या जागा असतात. वयात येणं पुरं झालं की या पट्ट्यांचं हाड होऊन जातं आणि उंची वाढायची थांबते. मग बारला कितीही लोंबकळा!

पण या पट्ट्या आपल्या मनाने काम करत नाहीत. त्यांना हुकूम लागतो. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, ती वाढीचं संप्रेरक सोडते. गळ्यातली अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, आपलं संप्रेरक सोडते. वयात येताना मुलींच्या अंडाशयातून आणि मुलांच्या वृषणांतून संप्रेरकं येतात, त्यांच्यामुळे ती मोठी उसळी मिळते. आणि या सगळ्यांबरोबर पोटभर सकस जेवण हवं, शांत झोप हवी.

म्हणजे उंची वाढायला तीन गोष्टी लागतात. पट्टी धड हवी, हुकूम वेळेवर हवा आणि शिधा पुरेसा हवा. आता उपचारात या तिन्हींचं काय होतं ते पाहू.

आगीची धग कुठे कुठे लागते?

राब भाजताना बांधावरच्या झाडालाही थोडी धग लागतेच ना? किरणांचंही तसंच आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर त्यांचा मारा जास्त बसतो. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून त्या मरतात. पण वाढीच्या पट्टीतल्या पेशीही सतत वाढतच असतात! त्यांनाही फटका बसतो. कण्यात मणके पुष्कळ आणि प्रत्येकाला धग लागलेली. त्यामुळे अशा मुलांचे पाय बऱ्यापैकी लांब होतात, पण धड थोडं आखूड राहतं. म्हणून डॉक्टर नुसती उभ्याची उंची मोजत नाहीत, स्टुलावर बसवून बसल्यावरची उंचीही मोजतात.

किरणांचा परिणाम पियुषिका ग्रंथीच्या कामावर झाला, तर वाढीचं संप्रेरक कमी पडतं. ज्या मुलांना आधी कधी डोक्याला वेगळे किरण दिलेले असतात, त्यांच्यात हे जास्त दिसतं. पूर्वी ल्युकेमियाच्या पुष्कळ मुलांना डोक्याला किरण देत. आता बहुतेकांना त्याऐवजी कण्यातल्या पाण्यात सुईने औषध देतात. अवटू ग्रंथी मंदावली तरीही वाढ मंदावते. अंडाशयांना इजा झाली तर मुलगी आपोआप वयात येत नाही, किंवा उशिरा येते. ही इजा किरणांनी होते तशी काही तीव्र औषधांनीही होते. मुलांमध्ये संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी जास्त चिवट असतात, त्यामुळे बहुतेक मुलगे आपोआप वयात येतात.

आणखी एक अडचण असते. दात्याच्या पेशी कधी कधी नव्या घरात भांडण काढतात. त्यांना ते शरीर परकं वाटतं आणि त्या कातडी, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला करतात. हे भांडण मिटवायला स्टिरॉइड नावाची औषधं द्यावी लागतात. ती जास्त काळ दिली की वाढ रोखली जाते, हाडंही ठिसूळ होतात. त्यातून आतडी दुखावलेली असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. झालं, शिधाही कमी पडला!

जितकं मूल लहान, तितकं वाढणं बाकी. म्हणून अगदी लहानपणी किरण घेतलेल्या मुलांची उंची जास्त मागे राहते. त्यांच्या कायमच्या दातांची मुळंही आखूड राहू शकतात, कारण ते दात त्या वेळी हिरडीच्या आत घडत असतात. याउलट दहावी-अकरावीच्या वयात उपचार झाले, तर उंची बरीचशी आधीच मिळालेली असते.

मग किरण देतातच कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. डॉक्टरांच्याही मनात आला. नुसत्या औषधांनी जुना मगज नाहीसा केला, तर वाढीचं नुकसान कमी होतं. मग तसंच का करू नये?

याचं उत्तर शोधायला अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून एक मोठी पाहणी केली. लिम्फोब्लास्टिक प्रकारचा ल्युकेमिया झालेली, चार वर्षांहून मोठी ४०० पेक्षा जास्त मुलं त्यात होती. काहींना किरण आणि औषध दिलं, काहींना नुसती औषधं दिली. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणजे तुलना निःपक्षपाती व्हावी. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी किरण घेतलेल्या दर शंभर मुलांमागे ९१ जिवंत होती. नुसती औषधं घेतलेल्या शंभरांमागे ७५. फरक इतका स्पष्ट दिसू लागला होता की चिठ्ठ्या टाकणं ठरल्याच्या आधीच थांबवावं लागलं.

आता हे आकडे घेऊन तराजूपुढे उभे राहा. एका पारड्यात काही सेंटीमीटर आणि दुसऱ्या पारड्यात शंभरांमागे सोळा जीव. पारडं कुठे झुकतं, हे सांगायला नको. म्हणूनच या आजारात चार वर्षांवरच्या मुलांना अजूनही बहुतेक ठिकाणी किरण देतात. अगदी लहान बाळांना मात्र शक्यतो देत नाहीत, कारण त्यांच्या मेंदूला आणि वाढीला फारच मोठी झळ लागते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मायलॉइड ल्युकेमियात सहसा नुसत्या औषधांवर भागवतात.

किरण देण्याची तऱ्हाही सुधारली आहे. पूर्वी सगळी मात्रा एकदम देत. आता मात्रा दोन-तीन दिवसांत, थोडी थोडी करून, बहुधा सहा हप्त्यांत देतात. मधल्या वेळात चांगल्या पेशींना सावरायला उसंत मिळते. त्यामुळे वाढीचं नुकसान थोडं कमी होतं.

उपाय आहेत, पण जादू नाही

ज्या मुलांत वाढीचं संप्रेरक कमी पडतं, त्यांना ते बाहेरून देता येतं. बहुधा रोज रात्री, बारीक सुईने, कातडीखाली. एके काळी हे संप्रेरक मृत माणसांच्या पियुषिका ग्रंथीतून काढत असत. त्यातून काही जणांना मेंदूचा भयंकर आजार झाल्याचं १९८५ साली उघडकीला आलं आणि अमेरिकेत ते ताबडतोब बंद झालं. त्याच वर्षी जिवाणूंकडून प्रयोगशाळेत बनवून घेतलेलं संप्रेरक बाजारात आलं. आता सगळीकडे तसंच बनवलेलं वापरतात.

पण कर्करोग झालेल्या मुलाला ते लगेच सुरू करत नाहीत. आजार परतलेला नाही, हे निदान वर्षभर पाहून, कर्करोगाचे डॉक्टर आणि संप्रेरकांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. आणि हेही लक्षात ठेवा, हुकूम जोरात आला तरी पट्टीच दुखावलेली असेल, तर ती किती काम करणार? त्यामुळे उंची वाढते, पण इतर मुलांइतकी भरून येईलच असं नाही.

अवटू ग्रंथी मंदावली असेल तर उपाय सोपा आहे, सकाळी उपाशी पोटी एक गोळी. वयात येणं लांबलेल्या मुलीला संप्रेरक अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत देतात. घाई केली, तर वाढीच्या पट्ट्या लवकर बंद होतात आणि उरलीसुरली उंचीही हातची जाते. पट्ट्या अजून किती उघड्या आहेत, हे डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून कळतं.

हे करून पाहा

सकाळी उठल्याबरोबर अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, समोर बघत उभे राहा आणि उंची मोजून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मोजा. तुम्ही रात्री जवळजवळ एक सेंटीमीटरने बुटके झालेले असाल! दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. झोपलं की पुन्हा फुगतात. म्हणून उंची नेहमी एकाच वेळेला मोजावी.

आईबाबांसाठी

तुमच्या मुलावर असा उपचार झाला असेल, तर एक वही करा. त्यात दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन लिहा. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच वेळी मोजा. एका वेळच्या आकड्यापेक्षा वर्षात किती वाढ झाली, याला जास्त महत्त्व आहे. पाच ते दहा वयाचं मूल वर्षभरात चार सेंटीमीटरही वाढलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते वेगळे आहेत. ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ते २०१५ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नव्याने काढले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या मुलाचे आकडे त्या तक्त्यावर मांडायला डॉक्टरांना सांगा.

उपचारात कोणती औषधं दिली, किरण किती दिले, याचा कागद रुग्णालयातून मागून घ्या आणि जपून ठेवा. दहा वर्षांनी नवा डॉक्टर हाच प्रश्न पहिला विचारील. अवटू ग्रंथीची तपासणी वर्षातून एकदा करा. दात दाखवा. मुलगी तेरा वर्षांची होऊनही वयात येण्याची काही लक्षणं नसतील, किंवा मुलगा चौदाचा होऊनही नसतील, तर 'होईल हळूहळू' म्हणून बसू नका.

दूध, नाचणी, तीळ, डाळी, अंडी आणि कोवळं ऊन हे हाडांचे जुने मित्र आहेत. उंची वाढवण्याची हमी देणाऱ्या भुकट्या आणि गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका. वाढीच्या पट्ट्या त्यांनी उघडत नाहीत, खिसा तेवढा उघडतो.

आणि एक विनंती. आठवीतलं मूल पाचवीतल्याएवढं दिसलं, की घरचे, शेजारचे त्याच्याशी पाचवीतल्यासारखं बोलू लागतात. त्याला कामं सांगत नाहीत, त्याचं मत विचारत नाहीत. उंची मागे राहिली तर त्यात उपचारांचा दोष आहे. वागणूक मागे राहिली, तर तो आपला दोष.

आणि तुम्ही, दोस्तांनो?

समजा, तुमच्या वर्गात वर्षभर गैरहजर राहिलेला एखादा मुलगा परत आला. केस नुकते उगवलेले, चेहरा सुजल्यासारखा, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा. कुणी त्याला 'टिंगू' म्हणेल, कुणी 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेईल. तो हसून घेईल, कारण रुग्णालयात त्याने याहून कितीतरी कठीण गोष्टी सोसलेल्या असतात. पण त्याला ते टोचतं. त्याला खरा भिडू म्हणून खेळात घ्या. बाद झाला तर बाद द्या. त्याला तेच हवं असतं.

त्याचा आजार संसर्गाने होत नाही, त्यामुळे शेजारी बसायला घाबरू नका. उलट तुमच्या सर्दी-तापाची, कांजिण्यांची त्यालाच भीती असते. तुम्ही आजारी असाल तर त्याच्यापासून दूर बसा आणि बरे झालात की त्याला अभ्यासाच्या वह्या द्या.

तुम्ही अठरा वर्षांचे झालात की आणखी एक काम करता येईल. मूलपेशी देणारा दाता म्हणून नाव नोंदवता येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, एवढंच. ज्या मुलाचं एकही भावंड जुळत नाही, त्याच्याशी जुळणाऱ्या खुणा कदाचित तुमच्याच पेशींवर असतील. तोपर्यंत घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांनी नोंदवलंय का?